नोराबाईंची आंबुशी

नोराला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एकटीच मिरवणूक काढत होती.

२०२० सालचा सतरा मार्च. सेंट पॅट्रिक हा आयर्लंडचा रक्षक संत, आणि त्याचा दिवस म्हणजे या देशाचा सगळ्यात मोठा सण. एरवी त्या दिवशी गावोगावी मिरवणुका निघतात, बँड वाजतात, कुत्र्यांच्या गळ्यातसुद्धा हिरव्या फिती असतात. त्या वर्षी करोना आला आणि सगळ्या मिरवणुका रद्द झाल्या. आम्ही गॉलवेच्या या वसाहतीत नुकतेच राहायला आलो होतो. शेजारी कोण आहे हेही धड माहीत नव्हतं. आई आदल्याच महिन्यात सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आली होती. सुट्टी असून कुठे जायची सोय नाही म्हणून मी कपाटं आवरत होते आणि आई खिडकीशी बसून बाहेरच्या बारीक पावसाकडे नाक मुरडून बघत होती.

तेवढ्यात शेजारच्या दारातून एक उंच, सडपातळ म्हातारी बाहेर पडली. हिरवा कोट, हिरवी टोपी, कोटावर टाचलेली ओल्या पाल्याची छोटीशी जुडी, हातात कागदी झेंडा. ती रस्त्याच्या मधोमध आली, पाठ ताठ केली आणि चालू लागली. आमची गल्ली पुढे बंद होते. ती टोकापर्यंत गेली, वळली आणि त्याच चालीने परत निघाली. बघायला रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"ही बाई एकलीच कुठं निघालीया?" आईने विचारलं. मी म्हटलं, इथल्या संताची मिरवणूक असते, यंदा बंद केलीय, म्हणून बहुतेक ही स्वतःच काढतेय. आई लगेच उठली. आमच्या गावात देवाचा छबिना दारावरून जात असताना घरात बसून राहिलेला माणूस आईच्या लेखी माणसांत जमा नाही. तिने स्वेटरवरून शाल घेतली, पायांत माझे बूट अडकवले आणि दारात जाऊन उभी राहिली. म्हातारी समोर येताच आईने हात जोडले. म्हातारी थबकली. तिने हातातला झेंडा जरा खाली केला, मानवंदना देतात तसा, आणि पुढे गेली. घरात शिरण्याआधी मात्र आमच्याकडे वळून ती म्हणाली, "यंदा मिरवणूक चांगली झाली. गर्दी कमी होती, पण प्रेक्षक उत्तम होते."

तिचं नाव नोरा. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, म्हणजे मराठीत मी तिला 'त्या' म्हणायला हवं. पण तिने पहिल्याच दिवशी मला नुसतं नोरा म्हणायला बजावलं आणि इंग्रजीत सगळेच सारखे असल्यामुळे माझी सवय तीच राहिली. आईला हे अजिबात पटलं नाही. वयाने मोठ्या बाईला नावाने हाक मारणारी लेक आपण वाढवली नाही, असं मला ऐकवून ती स्वतः मात्र कायम 'नोराबाई' म्हणत राहिली. नोराला त्यातला 'बाई' फार आवडला. मध्यंतरी ती फोन उचलल्यावरही स्वतःचं नाव नोराबाई सांगायची.

नोरा आयुष्यभर एका शाळेच्या स्वयंपाकघरात होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूल नाही. तिचा आवडता शब्द 'ग्रँड', म्हणजे छान. तसा तो इथे सगळेच वापरतात, पण नोराइतक्या कामाला त्याला कुणी जुंपत नसेल. पाऊस थांबला की ग्रँड, नाही थांबला तरी ग्रँड. गुडघा दुखतोय का विचारलं तर तोही ग्रँड. तिचा दुसरा शब्द 'ब्लो-इन'. वाऱ्याबरोबर कुठून तरी येऊन पडलेला, म्हणजे बाहेरचा माणूस. नोरा शेजारच्या मेयो परगण्यातली. लग्न होऊन गॉलवेला येऊन तिला अर्धशतक झालं असेल, तरी ती स्वतःला ब्लो-इनच म्हणायची. एकदा मी सहज म्हणाले, की आम्ही तर मग जन्मभर ब्लो-इनच राहणार. ती म्हणाली, "पॅट्रिक कुठला होता माहीत आहे? समुद्रापलीकडचा. पोरवयात इथल्या लोकांनी त्याला पळवून आणला आणि मेंढ्या राखायला लावलं. तो सुटून गेला, आणि पुन्हा आपण होऊन परत आला. ज्याच्या नावाने हा देश वर्षातून एकदा छाती काढून चालतो, तो माणूस या देशाचा नव्हता. तेव्हा तू काही काळजी करू नकोस." हे तिने इतक्या सहज सांगितलं की जणू पॅट्रिक तिच्या नात्यातला होता आणि घरातली गोष्ट असल्यामुळे तिला जरा जास्त माहीत होती.

आईचं परतीचं विमान रद्द झालं, मग पुढचंही झालं. तीन महिन्यांसाठी आलेली आई वर्ष उलटलं तरी इथेच होती. कुणाच्या घरात जायची बंदी, त्यामुळे नोराचं आणि आमचं सगळं येणंजाणं दोन घरांच्या मधल्या कमरेइतक्या भिंतीवरून चालायचं. नोरा भिंतीवर काहीबाही आणून ठेवायची, हातातल्या काठीने आमच्या पन्हाळीच्या पाइपवर टकटक करायची आणि मागे सरकून उभी राहायची. कधी सोडा ब्रेड, कधी तिच्या परसातले रूबार्बचे आंबट देठ, कधी कुणीतरी तिला दिलेली अंडी. आई डबा धुऊन त्यात थालीपीठ, खीर, नाहीतर बेसनाचे लाडू घालून परत ठेवायची. रिकामा डबा परत करायचा नसतो, ही गोष्ट नोराला सांगावी लागली नाही; मेयोतही तसंच होतं म्हणे. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई साताऱ्याच्या बोलीत बोलायची, नोरा मेयोच्या इंग्रजीत, आणि मी कामावरून आले की दोघी मला वेगवेगळ्या गाठून सांगायच्या की दुसरी काय म्हणाली. बहुतेक वेळा दोघींचं म्हणणं बरोबर असायचं.

टॉमची गोष्ट मला त्या शरद ऋतूत कळली. निर्बंध थोडे सैल झाले तेव्हा नोरा तिच्या माहेरच्या शेतावर जाऊन आली आणि एका पसरट कुंडीत तिथला शॅमरॉक लावून घेऊन आली. शॅमरॉक म्हणजे तीन पानांचं बारीक गवत. पॅट्रिकने त्याच्या एका देठावरची तीन पानं दाखवून इथल्या लोकांना एकाच देवाची तीन रूपं समजावली, असं म्हणतात. त्याच्या सणाला प्रत्येक आयरिश माणूस ते कोटावर लावतो. नोराचा मोठा भाऊ टॉम वयाच्या सतराव्या वर्षी बांधकामावर मजुरी करायला इंग्लंडला गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून दर मार्चमध्ये माहेरच्या शेतातला शॅमरॉक ओल्या कागदात गुंडाळून आधी त्यांची आई त्याला पाठवायची, आई गेल्यावर नोरा. परदेशी गेलेल्या घरच्या माणसाला शॅमरॉक पाठवायची इथे रीतच आहे. शेत पुढे विकलं गेलं. नवा मालक डब्लिनला राहतो, जमीन गुरांना चरायला दिलेली. पण विहिरीमागच्या ज्या कोपऱ्यात शॅमरॉक उगवतो तो नोराला ठाऊक होता आणि दुसऱ्या कुणालाही नव्हता.

"सत्तरच्या दशकात तिकडे आयरिश बंडखोरांचे बाँब फुटायला लागले," नोरा मला म्हणाली, "आणि आमची बोली कानावर आली की लोक वळून बघायला लागले. टॉमने मला निरोप पाठवला की यंदा पाठवू नकोस. मी पाठवला. तेव्हा तो कोटाच्या आतल्या बाजूला लावायला लागला. पुढे ते दिवस गेले, सगळं निवळलं, पण याची सवय गेली नाही. गेली चाळीसेक वर्षं माझा भाऊ त्याच्या देशाचा सण कोटाच्या आत साजरा करतो." एवढं बोलून ती कुंडीतली माती दाबत राहिली. मग म्हणाली, "लपवून लावतो, पण लावतो." नोराला राग आलेला मी तेवढ्या एकाच वेळी पाहिला, आणि तोही नक्की कुणावर ते तिला सांगता आलं नसतं.

टॉम आता पंच्याऐंशीच्या घरात होता, वृद्धाश्रमात होता, आणि साथीमुळे वर्षभर त्याला भेटायला कुणालाही परवानगी नव्हती. २०२१ च्या सुरुवातीला आमच्याकडे पुन्हा कडक बंदी आली. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही. नाक्यावर पोलीस उभे. मेयो राहिला लांब, नोराला समुद्रापर्यंत फिरायला जायचीही चोरी. तिला फारशी चिंता वाटली नाही, कारण कुंडी दारात होती. "यंदा पॅट्रिकने आधीच सोय करून ठेवलीय," ती म्हणाली.

फेब्रुवारीत शिवजयंतीला आईने खिडकीत महाराजांची तसबीर मांडून हार घातला. नोराने भिंतीपलीकडून विचारलं, हा तुमचा संत का? मी म्हटलं, राजा. होऊन किती काळ झाला? मी म्हटलं, साडेतीनशे वर्षं होतील. नोरा विचारात पडली. "राजा असून लोक अजून प्रेमाने नाव घेतात? म्हणजे फारच चांगला असणार," असं म्हणून ती घरात गेली आणि सणाचा हिरवा कोट घालून पाच मिनिटं दारात उभी राहून आली. आईने हे गावाकडे फोन करून सगळ्यांना सांगितलं.

त्याच आठवड्यात नोराचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू झाला होता. ईस्टरआधी इथले जुने लोक काहीतरी सोडतात. नोराने बिस्किटं आणि मटण सोडलं होतं. आईला हे कळल्यावर तिचा नोराबद्दलचा आदर एकदम वाढला, आणि या उपाशी बाईला आता आपणच जगवायचं असं तिने मनाशी घेतलं. रोज एक वाटी भाजी भिंतीवर जायला लागली. आणि अशात एके दिवशी सकाळी ऊन पडलं. नोराने कुंडीला ऊन मिळावं म्हणून ती उचलून भिंतीवर ठेवली.

आता भिंतीवर ठेवलेली वस्तू म्हणजे आपल्यासाठी, हा वर्षभराचा शिरस्ता. आईने बाहेर येऊन पाहिलं तर कुंडीभर हिरवीगार, तीन तीन पानांची, कोवळी आंबुशी. आमच्याकडे आंबुशी बांधावर आपोआप उगवते, जिभेला आंबट लागते, आणि तुरीच्या डाळीत घालून तिची पातळ भाजी केली की माणूस एक भाकरी जास्त खातो. वर्षभरात आईला इथे ओळखीचं असं एक झाड दिसलं नव्हतं. नोराबाईंनी कुठून तरी आपल्यासाठी आंबुशी मिळवली म्हणून तिला गहिवरून आलं. तिने ती सगळी खुडली, तीन पाण्यांतून धुतली, लसणाची फोडणी दिली, दाण्याचं कूट घातलं. चव घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की ही आंबुशी आंबट नाही. पण आईच्या मते या देशात पाण्याने सगळ्याचीच चव गेलेली आहे, त्यामुळे तिने चिंच घालून वेळ निभावली. पहिली वाटी अर्थातच नोराबाईंना गेली, भातासकट. नोराने वाटी लख्ख धुऊन परत ठेवली आणि ग्रँड म्हणाली. मी कामावरून आल्यावर दोन वाट्या ओरपल्या आणि बऱ्याच दिवसांनी घरचं जेवल्यासारखं वाटलं, असंही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाइपवर टकटक झाली. नोरा कुंडीसमोर उभी होती. कुंडीत नुसते खुडलेले देठ. तिने विचारलं की मेंढी आली होती का. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "ती आंबुशी? अगं, कालच तर खाल्लीस तू." मग मला जे समजलं ते नोराला समजावून सांगणं भाग होतं. आयुष्यात मी बऱ्याच अवघड गोष्टी लोकांना सांगितल्या आहेत. आमची कंपनी हृदयात बसवायच्या नळ्या बनवते आणि नळी सदोष आहे हे वरिष्ठांना सांगणं हेच माझं काम. पण एका धर्मनिष्ठ आयरिश बाईला तिने सेंट पॅट्रिकचं पान फोडणी देऊन भाताबरोबर खाल्लं आहे, हे सांगायचा मला काही सराव नव्हता.

नोराने ऐकून घेतलं. "तो टॉमचा होता," एवढंच ती म्हणाली आणि घरात गेली. तिने दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आई दिवसभर जेवली नाही. "त्या माऊलीच्या भावाचं लेणं मी फोडणीला घातलं गं," असं म्हणून ती डोळ्यांना पदर लावायची. मी संध्याकाळी भिंतीपाशी जाऊन नोराला सुचवलं की दुकानात शॅमरॉक मिळतो, छान डबीत बांधून, आपण तो पाठवू; टॉमला काही कळणार नाही. नोरा खिडकी किलकिली करून म्हणाली, "त्याला कळणार नाही हे खरं आहे. पण मग इतकी वर्षं मी त्याला काय पाठवत होते?" मी घरात परत आले. पुढचे दोन दिवस भिंतीवर काही आलं नाही, आणि आईने ठेवलेला डबा जागचा हलला नाही.

तिसऱ्या दिवशी टकटक झाली. भिंतीवर कुंडी होती आणि पलीकडे नोरा. "आईला सांग," ती मला म्हणाली, "मी मुळं उकरून पाहिली. सगळी शाबूत आहेत. एकही उपटलेलं नाही. जिला इतकं नीट खुडता येतं तिला वाढवताही येत असणार. माझं घर थंड आहे, मी एकच खोली तापवते. पोस्टात टाकायला अजून दोन आठवडे आहेत. जिने खुडलं तिनेच वाढवावं." मग म्हणाली, "आणि भाजी ग्रँड होती असं मी म्हणून बसले आहे. ते आता मागे घेता येत नाही."

मला नोरा खरी कळली ती त्या सकाळी. जी वस्तू आईच्या हातून गेली ती तिने पुन्हा आईच्याच हातात दिली. माझ्यात ती धमक नाही. मी कुंडी घरात नेऊन कुलूप लावलं असतं.

आई कामाला लागली. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. लोक त्यात टॉवेल उबदार ठेवतात. आमच्याकडे त्यात मटकीला मोड येतात आणि दही लागतं. आता मटकीची हकालपट्टी झाली आणि तिथे रात्री कुंडी निजायला लागली. सकाळी आई तिला काढून दक्षिणेच्या खिडकीत ठेवायची, तांदूळ धुतलेलं पाणी घालायची, ऊन सरकेल तशी सरकवायची. पाणी जास्त झालं तर मूळ कुजेल, कमी झालं तर सुकेल, म्हणून ती मातीला बोट लावून बघायची आणि आम्हाला कुणाला हात लावू द्यायची नाही. रोज चहाच्या वेळी नोरा बाहेरून खिडकीशी यायची. आई आतून कुंडी काचेपर्यंत उचलून धरायची. नोरा चष्मा सावरून वाकून बघायची, मान हलवायची आणि जायची. पहिले काही दिवस बघण्यासारखं काही नव्हतं तरी दोघींनी हा कार्यक्रम चुकवला नाही. आई मला म्हणायची, "ती काय बोलत न्हाई, त्याचंच जास्त वाटतंय. शिव्या दिल्या आसत्या तर बरं झालं आसतं."

मग एका सकाळी मोहरीएवढी पानं दिसली. आईने आरडाओरडा केला नाही. देवापुढे साखर ठेवली आणि चहाची वेळ होईपर्यंत तीनदा घड्याळ बघितलं. त्या दिवशी नोराने काचेला नाक लावलं आणि ते लावूनच ठेवलं.

पोस्टाचा दिवस आला तेव्हा कुंडीत एका कोटाला पुरेल इतकाच शॅमरॉक होता. नोराने भिंतीवरच तो कात्रीने कापला, ओल्या कागदात गुंडाळला, चपट्या डब्यात भरला. आईने खुणेने सांगितलं की एक काडी तुम्हाला ठेवा. नोराने डब्याचं झाकण लावलं. पुढे काय, ते आमच्या हातात नव्हतं. टपाल त्या दिवसांत कसं चालायचं ते सगळ्यांनाच माहीत होतं. कुणाची वाढदिवसाची भेट महिन्याने पोचायची, कुणाची पोचायचीच नाही.

सतरा मार्चला मिरवणूक सलग दुसऱ्या वर्षी रद्द होती. पण या वेळी गल्लीतल्या प्रत्येक फाटकाशी माणसं उभी होती, कुणी अकॉर्डियन काढला होता, पोरांनी तोंडं हिरवी रंगवली होती. नोरा हिरवा कोट घालून बाहेर आली. कोटावर काहीच नव्हतं. समोरच्या घरातल्या बाईने आपल्याकडची जुडी देऊ केली तर नोरा म्हणाली की माझा बाहेरगावी गेलाय. आईने ती उघडी कॉलर बघितली. सणाच्या दिवशी सवाष्णीचं कपाळ मोकळं दिसावं तशी तिला ती दिसली. ती मला सारखी विचारत होती, पोचलं का, काय कळलं का.

वृद्धाश्रमातली एक मुलगी टॉमला व्हिडिओवर आणणार होती. नोराचा फोन साधा, म्हणून माझ्या फोनवर ठरलं होतं. मी फोन भिंतीवर कुंडीला टेकवून उभा केला आणि मागे सरकले. नोरा एका बाजूला, आई दुसऱ्या. बऱ्याच वेळाने पडद्यावर एक हडकुळा, नीट भांग पाडलेला म्हातारा दिसला. खोलीत असूनही त्याने काळा कोट घातला होता. कोटाच्या बाहेर, छातीवर, आमच्या हॉट प्रेसमध्ये वाढलेला शॅमरॉक होता. प्रवासात कोमेजलेला, पण हिरवा.

नोराने चष्मा सावरला. टॉमच आधी बोलला. "दिसतोय का?"

"दिसतोय, टॉम," नोरा म्हणाली.

"तुला नाही विचारत. या पोरीने माझी खुर्ची खिडकीत ठेवलीय. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत असेल का?"

त्या मुलीने फोन फिरवला. खाली इंग्लंडमधला एक ओला रस्ता, छत्र्या घेतलेली दोन माणसं, एक बस. नोराने भिंतीचा कठडा धरला. "सगळ्यांना दिसत असेल," ती म्हणाली. "दिवसभर तिथेच बस. कुणी वर बघितलं तर हात कर."

ती रडली नाही असं मी लिहू शकले असते, कारण तिला तसं लिहिलेलं आवडलं असतं. ती रडली. मग तिने नाक पुसलं आणि फोन आईच्या दिशेने वळवून टॉमला सांगितलं की हा हिने वाढवलाय, आणि याआधीचा हिने शिजवला. टॉम हसता हसता खोकायला लागला आणि मुलीने फोन बंद केला. तो काय म्हणाला ते मी आईला सांगितलं. आईने निश्वास टाकला. "मग? सणाचं लेणं लपवून ठिवायचं आसतं व्हय," ती म्हणाली, आणि आत जाऊन वर्षभरात पहिल्यांदा न चिडता या देशाचा चहा प्याली.

उन्हाळ्यात बंदी उठली. नोरा इंग्लंडला जाऊन टॉमजवळ आठवडाभर राहून आली. ऑक्टोबरात आईला विमान मिळालं. निघायच्या सकाळी बॅगा गाडीत चढत असताना नोरा भिंतीशी आली. आता हात धरायला मोकळीक होती, तरी दोघी सवयीने दोन बाजूंना उभ्या राहिल्या. नोराच्या हातात एक जुनं पाकीट आणि पेन होतं. तिने मला आईचा गावचा पत्ता विचारला आणि तिकडे टपाल पोचायला किती दिवस लागतात तेही विचारलं.

कशासाठी, ते आईच्या लगेच लक्षात आलं. ती मला म्हणाली, "तिला सांग, आमच्याकडं बांधाबांधाला आंबुशी हाय. उगा टपालाला पैसे घालू नकोस म्हणावं."

मी सांगितलं. नोराने मान हलवली. "तिकडे उगवत नाही म्हणून नाही पाठवत. इंग्लंडमध्येही उगवतो. घरातलं माणूस लांब गेलं की त्याला पाठवायचा असतो."

हे मी आईला मराठीत सांगितलं. आईने हातातली पिशवी खाली ठेवली. पदर नीट करत बॅगेकडे बघत राहिली, आणि मग म्हणाली, "सांग की मग पत्ता."

मी एकेक अक्षर सांगत गेले आणि नोरा ते मोठ्याने म्हणत पाकिटावर लिहीत गेली. गाव, तालुका, जिल्हा सातारा. पिनकोड तिने दोनदा विचारून घेतला. टपालाला तीन आठवडे लागतात म्हटल्यावर तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे हिचा मला फेब्रुवारीतच खुडायला हवा," ती म्हणाली.